हनुक्का, नाताळ आणि एक लिफ्ट

"संध्याकाळ माझ्यावर सोड," बटण्या म्हणाला. "आठ वाजेपर्यंत तुझी आई आणि माझी आई एकाच सोफ्यावर बसून एकच गाणं म्हणत असतील."

बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती. समोरच्याला नेमकं किती दिसत नाही हे ती अर्ध्या मिनिटात सांगू शकायची. तिने नवऱ्याकडे त्याच नजरेने पाहिलं.

"आणि नसल्या तर?"

"नसल्या तर मी लिफ्टचं काम सोडतो."

हे बोलणं साधं नव्हतं. बटण्या लिफ्टचा मेकॅनिक होता आणि त्याच्या मते चाकानंतर माणसाने लावलेला एकमेव धड शोध म्हणजे लिफ्ट. लहानपणी दिसेल ते बटण दाबायचा म्हणून हे नाव पडलं. मोठेपणी तेच करायचा पगार मिळू लागला. बायको त्याला पहिल्यांदा भेटली तीही लिफ्टमध्ये. ती दोन मजल्यांच्या मधोमध अडकली होती आणि हा वरून म्हणाला होता, "घाबरू नका, मी आहे." तो येईपर्यंत लिफ्ट नीट चालली होती, हे तिला लग्नानंतर कळलं.

आता दोन्ही आयांबद्दल सांगायला हवं. बटण्याच्या घरी नाताळ. बायकोच्या माहेरी हनुक्का, म्हणजे आठ दिवस रोज संध्याकाळी एकेक मेणबत्ती वाढवत जायची आणि गाणी म्हणायची. दोन्हीकडे मेणबत्त्या, दोन्हीकडे गाणी. भांडायला तसं काहीच नव्हतं. पण बटण्याची आई तीस वर्षं शाळेत कवायत शिकवत होती आणि सासूबाई तीस वर्षं ग्रंथपाल होत्या. आई कुठलंही गाणं असं म्हणायची की ऐकणाऱ्याचे पाय आपोआप जागच्या जागी हलायला लागत. सासूबाई गायला लागल्या की खोलीत धूळ बसल्याचासुद्धा आवाज येई.

लग्नात दोघींनी मिळून आशीर्वादाचं एक गाणं म्हणायचं ठरलं. आईचं पाचवं कडवं संपलं तेव्हा सासूबाई पहिल्या कडव्याच्या दुसऱ्या ओळीत श्वास घेत होत्या.

"येताय ना मागून, विहीणबाई?" आईने विचारलं.

"तुम्ही व्हा पुढे," सासूबाई म्हणाल्या. "मी अर्थ समजून घेऊन येते."

याला तीन वर्षं झाली. त्यानंतर दोघी एका खोलीत आल्या नव्हत्या. कुणाचा वाढदिवस असला तर एक दुपारी यायची आणि दुसरी संध्याकाळी, दवाखान्यात वेळ घेतल्यासारखी.

पण या वर्षी दिवस असे आले की हनुक्काची पहिली मेणबत्ती आणि नाताळ एकाच संध्याकाळी. शिवाय बायकोला तिसरा महिना होता, आणि ही गोष्ट डॉक्टर सोडल्यास कोणालाच माहीत नव्हती.

"मी हे मूल दोन घरांत वाटून देणार नाही," बायको म्हणाली होती. "चार मेणबत्त्या तिकडे आणि केकचा तुकडा इकडे, असलं काही नको. त्या संध्याकाळी दोघी एकत्र बसल्या तर छान, बातमी सांगू. नाही बसल्या तर पुढच्या वर्षीपासून डिसेंबरात आपण तिघं कुठेतरी लांब जाऊ आणि फोन बंद ठेवू."

म्हणून बटण्याने योजना आखली. पंधरा दिवस आधी त्याने दोन्ही घरी निरोप पाठवला की आपापली सणाची आवडती गाणी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. आईने तीन पाठवली: एक ताऱ्याचं, एक घंटांचं, एक मेंढपाळांचं. तिन्ही मिळून चार मिनिटांत संपली. सासूबाईंनीही तीनच पाठवली: एक दिव्यातल्या तेलाचं, एक भोवऱ्याचं, एक मेणबत्त्यांचं. ती ऐकून संपवायला बटण्याला मध्ये एकदा जेवावं लागलं. सासऱ्यांनी एक पाठवलं. त्यात ते दोन मिनिटं "चालू झालं का? लाल दिसतंय. चालू झालं का?" असं म्हणत होते आणि मग एक ओळ गुणगुणत होते. बाबांनी गाण्याऐवजी केक आणतो म्हणून कळवलं.

अडचण एवढीच होती की दोन्ही गायिकांनी गाण्याच्या शेवटी दोन शब्द जोडले होते. आईच्या मेंढपाळांनंतर ऐकू येत होतं, "झालं. एक मिनिट दहा सेकंद. तुझ्या सासूला म्हणावं, गाणं संपवताही येतं." सासूबाईंच्या भोवऱ्यानंतर त्यांचा आवाज म्हणत होता, "जावईबापू, हे सावकाश म्हणायचं असतं. तुमच्या आई गात नाहीत, गाण्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावतात."

हे शेपूट कापून टाकायचं बटण्याने ठरवलं होतं. नाताळच्या दिवशी दुपारी कापू, असं त्याने रोज ठरवलं होतं.

आता ही गाणी वाजवायची कशावर? कोणीही साधा स्पीकर घेतला असता. बटण्याने वर्कशॉपमधून लिफ्टचा जुना बोलका डबा आणला. लिफ्टमध्ये "तिसरा मजला", "दरवाजा बंद होत आहे" असं जो सांगतो तो डबा. त्यात नखाएवढं एक कार्ड असतं, त्यावर आठ मजल्यांच्या आठ सूचना असतात, शिवाय दाराच्या आणि वजनाच्या दोनचार. बटण्याने तशाच एका कोऱ्या कार्डावर मजल्यांच्या जागी गाणी भरली. भांडण नको म्हणून एकाआड एक: एक सासूबाई, एक आई. सातव्या जागी सासरे. आणि आठव्या जागी स्वतःच्या आवाजातली बातमी, जी त्याने चौदा वेळा रेकॉर्ड करून पाहिली होती. एवढ्यावर न थांबता त्याने लिफ्टची वजन मोजणारी पट्टी बैठकीतल्या गालिच्याखाली घातली. दोन माणसं गालिच्यावर उभी राहिली की डबा आपोआप सुरू होणार.

"बटण नाही का दाबता येत?" बायकोने विचारलं.

"पाहुण्यांना वाटलं पाहिजे की घरच त्यांच्यासाठी गातंय."

नाताळच्या दिवशी दुपारी तो शेपटं कापायला बसणार, तोच इमारतीचे सेक्रेटरी आले. ते तिसऱ्या मजल्यावर राहायचे आणि बटण्या सहाव्या. इमारतीची लिफ्ट आठवडाभर प्रत्येक मजल्यावर "चौथा मजला" असंच म्हणत होती. दुसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा त्यामुळे दोनदा भलत्याच घरात जाऊन चहा पिऊन आले होते, आणि दुसऱ्यांदा त्यांनी साखर कमी असल्याची तक्रारही केली होती.

"सणाचा दिवस आहे, लोक येतील जातील," सेक्रेटरी म्हणाले. "तेवढं बघता का?"

बटण्याने लिफ्टचं कार्ड काढून वर आणलं, दुरुस्त केलं आणि जेवणाच्या टेबलावर ठेवलं. शेजारी गाण्यांचं कार्ड होतं. दोन्ही काळी, दोन्ही नखाएवढी.

"एकावर काहीतरी खूण कर," बायको म्हणाली.

"अकरा वर्षं हेच काम करतोय," बटण्या म्हणाला. "मला बघूनच कळतं."

त्याने बघितलं. एक कार्ड खाली जाऊन लिफ्टमध्ये बसवलं, दुसरं घरच्या डब्यात. येताना जिन्याने आला, कारण बायकोने तेवढ्यात मेणबत्त्या आणायला पाठवलं आणि दुकानाकडून मागचा जिनाच जवळ होता. लिफ्टने आला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती.

साडेसहाला बेल वाजली. दारात सासूबाई आणि सासरे. सासूबाईंचा चेहरा पाच वर्षांनी पान फाटून परत आलेल्या पुस्तकाकडे बघावं तसा झाला होता.

"या ना, अहो आई," बटण्या म्हणाला. स्वतःच्या आईला तो 'अगं आई' म्हणे आणि सासूबाईंना 'अहो आई', त्यामुळे घरात घोटाळा होत नसे. "प्रवास कसा झाला?"

"गावाहून इथपर्यंत चांगला झाला," सासूबाई म्हणाल्या. "खालून वर येताना एक मिनिट दहा सेकंद जरा जड गेले."

बटण्याला काही कळलं नाही. त्याने हसून दोघांना बैठकीत नेलं. सासूबाई गालिच्यावर आल्या. मागोमाग सासरे आले. बटण्याने डोळे मिटून कान पुढे केले.

"वजन मर्यादेपेक्षा जास्त झाले आहे," घर म्हणालं. "कृपया एका व्यक्तीने बाहेर जावे."

सासरे घड्याळजी होते, आयुष्यभर यंत्रांचं ऐकत आलेले. ते निमूटपणे गॅलरीत गेले.

"धन्यवाद," घर म्हणालं. "दरवाजा बंद होत आहे."

"म्हणजे लिफ्टमध्ये ते, आणि घरात हे," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जितका हळू होई तितकं जास्त भ्यावं लागे, आणि आत्ता तो जवळजवळ ऐकूच येत नव्हता. "सगळी तयारी चोख आहे हो तुमच्या आईंची."

"अहो आई, तसं नाही. हे कार्ड..."

कार्ड म्हणताच बटण्याने जेवणाच्या टेबलाकडे पाहिलं. हे कार्ड इथे आहे, म्हणजे ते कार्ड तिथे आहे.

तेवढ्यात फोन वाजला. सेक्रेटरी होते.

"तुमची लिफ्ट तिसऱ्यावर उभी आहे. दार बंदच होत नाहीये. आत एक बाई भोवऱ्याचं गाणं म्हणताहेत."

"किती वेळ झाला?"

"पाच मिनिटं. भोवरा अजून फिरायला लागलेला नाही."

बटण्याने कपाळावर हात मारला. सूचना पूर्ण झाल्याशिवाय लिफ्टचं दार बंद होत नाही. 'तिसरा मजला' म्हणायला दोन सेकंद लागतात, म्हणून आजवर कोणाच्या ते लक्षात आलं नव्हतं.

"आणि आत तुमचे आई-बाबा आहेत," सेक्रेटरी म्हणाले. "मीच जाताना बटण दाबलं म्हणून थांबली. तुमच्या आई टाळ्या वाजवून गाण्याला पुढे ढकलताहेत, पण ते हलत नाहीये."

बटण्या तीन मजले उतरला ते एकेका उडीत. तिसऱ्या मजल्यावर सात-आठ माणसं जमली होती. लिफ्टमध्ये बाबा केकचं खोकं धरून उभे होते आणि आई "एक दोन, एक दोन" करत होती. भोवरा शेवटी एकदाचा फिरला, पडला, आणि बटण्या दारात पोचला त्याच क्षणी सासूबाईंचा आवाज सगळ्या मजल्याला म्हणाला की तुमच्या आई गात नाहीत, गाण्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावतात.

सगळ्यांनी आईकडे पाहिलं. एकाने तर मान डोलावली.

"बटण्या," आई म्हणाली, "त्या आल्यात का वर?"

"अगं आई, मी सांगतो..."

"आल्यात का, एवढंच विचारलं."

"आल्यात."

"चल."

दार बंद व्हायच्या आत बटण्या लिफ्टमध्ये शिरला. डब्याचं झाकण उघडायची किल्ली वरच्या घरात, दुसऱ्या विजारीच्या खिशात होती. तीन मजले तो आईला समजावत होता आणि आई शाळेत उशिरा येणाऱ्यांकडे बघायची तसं आकड्यांच्या पट्टीकडे बघत होती.

सहाव्या मजल्यावर दार उघडलं. समोर सासूबाई उभ्या होत्या, खांद्याला पर्स. त्या निघाल्या होत्या. मागे बायको त्यांचा हात धरून उभी होती.

दोघी विहिणी तीन वर्षांनी समोरासमोर आल्या, आणि कोणी काही बोलायच्या आत आईचे मेंढपाळ गायला लागले. भरधाव. दार उघडंच. कोणालाच मध्ये बोलता येईना, कारण दोघीही गाणं चालू असताना बोलणं असभ्य मानणाऱ्या. पूर्ण एक मिनिट दहा सेकंद दोघी एकमेकींच्या डोळ्यांत बघत उभ्या होत्या. मग आईचाच आवाज आईच्या डोक्यावरून म्हणाला, "तुझ्या सासूला म्हणावं, गाणं संपवताही येतं."

आईने आधी छताकडे पाहिलं, मग बटण्याकडे.

"हे मी तुला खासगीत म्हटलं होतं."

"मीसुद्धा," सासूबाई म्हणाल्या आणि लिफ्टमध्ये शिरल्या. "तुम्ही बाहेर या विहीणबाई, मला खाली जायचंय."

"मला बोलायचंय. मी नाही बाहेर येणार."

"मग बोला. खाली जाईपर्यंत वेळ आहे. तुम्हाला पुरेल, तुमचं लवकर आटपतं."

बाबा केक सांभाळत बाहेर पडले आणि सरळ गॅलरीत सासऱ्यांकडे गेले. दार बंद झालं. बटण्या आतच राहिला. त्याने तळमजल्याचं बटण दाबलं, पण वरच्या कोणीतरी आधीच दाबलेलं होतं. लिफ्ट वर निघाली.

ती आठव्याला चालली आहे, आणि आठव्यावर काय आहे, हे बटण्याला सातवा ओलांडताना आठवलं. त्याने अकरा वर्षांत शिकलेली सगळी बटणं एकदम दाबली. लिफ्ट उत्तम स्थितीत होती. तिने ऐकलं नाही.

आठव्या मजल्यावर दार उघडलं. समोर त्या मजल्यावर राहणाऱ्या एक भूलतज्ज्ञ बाई कचऱ्याची पिशवी घेऊन उभ्या होत्या.

"अगं आई," लिफ्ट बटण्याच्या आवाजात म्हणाली, "आणि अहो आई. आता सगळी गाणी झाली आहेत आणि तुम्ही दोघी एकाच सोफ्यावर आनंदात बसल्या आहात."

कोणी हललं नाही.

"आता एक गोष्ट सांगतो. जूनच्या शेवटी आपल्या घरात एक नवीन माणूस येणार आहे. तुम्ही दोघी आजी होणार आहात. मुलगा की मुलगी माहीत नाही. टाळ्या."

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. दोन्ही हात मोकळे असलेला तिथे फक्त बटण्या होता आणि त्याने ते तोंडावर ठेवले होते.

"अभिनंदन," भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या. "मी जिन्याने जाते."

दार बंद झालं. लिफ्ट जागेवरच उभी राहिली. आईने पर्सचा बंद घट्ट धरला होता. ती पर्स सासूबाईंची होती, पण दोघींच्याही ते लक्षात आलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं?" सासूबाईंनी विचारलं.

"मला कोण सांगतं?" आई म्हणाली. "तुम्हाला?"

"मलाही नाही."

मग दोघी एकदम बटण्याकडे वळल्या.

"किती दिवस माहीत होतं तुम्हाला, जावईबापू?"

"महिनाभर."

"महिनाभर," सासूबाई आईला म्हणाल्या. "मला नाही सांगितलं, तुम्हाला नाही सांगितलं. लिफ्टला सांगितलं."

"लहानपणापासून असाच," आई म्हणाली. "चौथीतला निकाल यानेच लपवला होता. एकदा नव्हे, तीनदा. मी म्हणून सांभाळला."

"तुमचं कौतुकच आहे हो. आणि तिला अशा अवस्थेत एकटीला खाली सोडून हा इथे वरखाली करतोय."

"मूर्ख आहे."

"मी म्हणणार नव्हते. पण तुम्ही आई आहात, तुम्हाला अधिकार आहे."

बटण्याने हळूच सहाचं बटण दाबलं. सहाव्यावर दार उघडलं आणि मेंढपाळ पुन्हा धावायला लागले. बटण्या बाहेर पडायला पाय उचलणार तोच सासूबाईंनी हात आडवा धरला. "थांबा. पूर्ण ऐकू द्या."

त्यांनी ऐकलं. डोळे मिटून.

"तिसरी ओळ फार सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिच्यावरून पळत जाता, म्हणून मघाशी ऐकण्यातून निसटली."

तीस वर्षं आईने फक्त शिट्टी वाजवून लोकांना माफ केलं होतं, त्यामुळे शब्द शोधायला वेळ लागला.

"तुमचा भोवरा," ती म्हणाली, "शेवटी फिरला ना, तेव्हा मला खरंच बरं वाटलं. जीव अडकला होता त्याच्यात."

दारात बायको उभी होती. आपली आई आणि सासू हातात हात घालून येत आहेत आणि मागून नवरा मान खाली घालून, हे बघून तिला आनंद व्हावा की भीती वाटावी ते कळेना. दोघींनी तिला मध्ये घेतलं. एकीने गालाला हात लावला, दुसरीने पाठीला. दोघीही एकाच वेळी "सांगायचं नाही का गं" म्हणाल्या, एक पटकन आणि एक सावकाश, त्यामुळे ते दोनदा ऐकू आलं.

मेणबत्ती लावली. केक कापला, म्हणजे गॅलरीतून जेवढा परत आला तेवढा. आणि मग डब्याला हात न लावता दोघींनी सगळी गाणी तोंडाने म्हटली. सोफ्यावर, शेजारी बसून. आई सासूबाईंसाठी हळू झाली, सासूबाई आईसाठी भरभर झाल्या आणि मध्येच कुठेतरी दोघींची अशी गाठ पडली की ती चाल दोघींनाही आवडत नव्हती, पण एक होती. सासऱ्यांनी त्यांची एक ओळ म्हटली. आठ वाजायला पाच मिनिटं होती. बटण्याने बायकोकडे असं बघितलं की जणू हे सगळं नकाशावर आखलेलं होतं.

साडेआठला बायको त्याला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि दार लोटून घेतलं.

"ऐकलंस का बाहेर काय चाललंय?"

"गाणी."

"गाणी संपली. तुझी आई म्हणतेय, पोरीला अशी एकटी ठेवणार नाही, उद्यापासून मी इथे राहायला येते. माझी आई म्हणतेय, छान, मग आपण दोघी मिळूनच राहू. दोघी एका खोलीत."

"कधीपर्यंत?"

"जूनपर्यंत. मग म्हणाल्या, बाळ चालायला लागेपर्यंत. रोज सकाळी पोटातल्या बाळाला गाणी ऐकवायचीत. साडेपाचला तुझ्या आईची, साडेसहापासून माझ्या आईची. बाबा लोकांना त्यांनी परस्पर घरी पाठवायचं ठरवलंय."

बटण्याने दोन खोल्यांचा हिशेब मनात केला. त्यात त्याला स्वतःला कुठेच बसवता येईना.

"मी एक संध्याकाळ मागितली होती रे," बायको म्हणाली. "आता एवढं कर. बाहेर जा आणि असं काहीतरी बोल की दोघींचं पुन्हा बिनसेल. थोडंसं. वेगवेगळ्या दिवशी येण्यापुरतं."

बटण्याने बराच विचार केला.

"मी काहीही बोललो तरी त्या दोघी माझ्यावरच चिडतील," तो म्हणाला.

"मग?"

"मग त्या आणखी जवळ येतील."